शहराबाहेरचें पाणी

लातूर शहराच्या मध्यभागीं गंजगोलाई आहे. मधोमध अंबाबाईचें मंदिर, त्याभोंवतीं वर्तुळाकार पेठ आणि तेथून चोहोंकडे जाणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना आहे. आठवडाभर या दाटींत वावरणारा मनुष्य सुट्टीच्या दिवशीं त्यांतील एखाद्या रस्त्यानें शहराबाहेर पडतो. नांदेडचा रहिवासीही गोदावरीकांठची गजबज सोडून असाच निघतो. या दोघांची वाट बहुधा पाण्याकडे जाते.

ही ओढ आजची नव्हे. यात्रा हेंच पूर्वीचें पर्यटन होतें. साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक मानल्या गेलेल्या माहूरास जाणारा भाविक डोंगर चढे, मातृतीर्थावर स्नान करी आणि रेणुकेचें दर्शन घेई. किनवट तालुक्यांत उनकेश्वरास उष्णोदकाचीं कुंडें आहेत. तेथेंही स्नान आणि देवदर्शन यांची जोड असे. नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंड येथें पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनीं खालीं कोसळते. पावसाळ्यांत तिचा घोष दुरून ऐकूं येतो व पाहणारांची रीघ लागते. उन्हाळ्यांत मात्र बराचसा उघडा खडकच दृष्टीस पडतो.

या फरकाचें कारण भूमींत आहे. दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत मुरेल तेवढेंच पाणी पोटांत राहतें. बाकीचें वाहून जातें. पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, असा हा प्रदेश आहे. येथें वस्ती करणारास पाणी अडविल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

कंधार येथें हें उत्तम दिसतें. नांदेडपासून सुमारें ५० किलोमीटरांवर, मन्याड नदीच्या खोऱ्यांतील हें गांव राष्ट्रकूटांच्या काळीं भरभराटीस आलें. तेथील किल्ल्याचा संबंध तिसऱ्या कृष्णाशीं जोडला जातो; त्याची कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७ अशी होती. गांवाजवळच्या विस्तीर्ण तलावास जगत्तुंग समुद्र म्हणतात. जगत्तुंग हें नांव राष्ट्रकूट राजघराण्यांतलेंच आहे. किल्ल्याभोंवतीं खंदक आहे. पुढें राजवटी पालटल्या, किल्ल्यांत नवे महाल व मशिदी उठल्या. परंतु पाण्याचें महत्त्व कोणत्याही राजवटींत कमी झालें नाहीं. सहलीस आलेला मनुष्य बुरूज व महाल पाहून परततो. तलावाचा बांध पाहण्यास तो क्वचितच थांबतो. वस्तुतः त्या सर्व वैभवाचा आधार तो बांध होता.

हा आधार ढळला म्हणजे काय होतें, हें २०१६ सालीं दिसलें. लातूरला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्याच्या ठिकाणीं तंटे होऊं नयेत म्हणून मार्चमध्यें जमावबंदी लागू झाली. एप्रिलमध्यें सुमारें ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें.

हजार वर्षांपूर्वींच्या तलावानें आजच्या लक्षावधि वस्तीची तहान भागेल, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आधीं जलाशय आणि मग नगर, हा त्या काळचा हिशेब अद्याप चुकीचा ठरलेला नाहीं. ज्या तळ्याकांठीं सुट्टीचा दिवस सुखानें जातो, त्यांत उष्टें-खरकटें टाकूं नये, बांधावरची माती ढासळूं देऊं नये, ओढ्यांच्या वाटा बुजवूं नयेत, एवढें तरी त्यांतून शिकतां येतें. त्या उन्हाळ्यांत घागर घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या मुलांस हें निराळें सांगावें लागत नाहीं.