नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत
गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड–गोठणगाव परिसरातील तिबेटी निर्वासितांची वसाहत. स्थापना १९७२. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी वसाहतीच्या नावाला ‘भंडारा’ चिकटून राहिले. पुनर्वसनाचा पाया शेती, तीही धानपट्ट्यातली: थंड, कोरड्या पठारावरच्या माणसांना पूर्व विदर्भाचे ऊन सोसत रोवणी शिकावी लागली. नुसत्या शेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून हिवाळ्यात अनेक कुटुंबे शहरांत लोकरी कपडे विकतात. कल्याणकार्य मुख्यतः केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या (निर्वासित तिबेटी सरकारच्या) वसाहत अधिकाऱ्यामार्फत चालते. भारत सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने जमिनीचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ यांची तरतूद सुचवली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली.