मधुमेह तरुणांच्या घरी कसा आला?



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी चिटणीसबाईंची सूचना आली. राजेराजवाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात आहेतच. मी एका रोगाचा इतिहास लिहावयाचे ठरविले. कारण उघड आहे. अलीकडे आपल्याच सभासदांच्या घरी तिशी-पस्तिशीतल्या मुलांना, सुनांना, लेकींना मधुमेह निघाल्याचे वारंवार कानी येते. पूर्वी हा रोग पेन्शनीबरोबर येई. आता तो पहिल्या नोकरीबरोबर येऊ लागला आहे. आणि घरात तो निघाला की बोट कोणाकडे दाखविले जाते, हे मी आपणांस सांगावयास नको. "आईने लाडाने गोड खाऊ घातले," नाही तर "सूनबाई स्वयंपाकच करीत नाही." हा निवाडा खरा की खोटा, हे इतिहासालाच विचारू या.

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: एक जन्मतःच आलेला, तो बहुधा कृश माणसाचा, दुसरा अपथ्यामुळे जडलेला, तो बहुधा स्थूल माणसाचा. रोग ओळखीचा असला तरी उपाय तोकडे होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याची पहिली सुई दिली गेली. लहान मुलांना होणारा तो मधुमेह निराळा. त्यात शरीर इन्सुलिन बनवीतच नाही म्हटले तरी चालेल. आपल्या तरुणांत वाढतो आहे तो दुसरा. त्यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला नीटशी दाद देत नाही.

आता आपल्या पुण्याकडे वळू. १९५१ च्या शिरगणतीत पुण्याची वस्ती सुमारे पाच लाख होती. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, साठीच्या दशकात मोटारींचे कारखाने आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र महानगरपालिका झाली आणि शतक संपता संपता हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. २०११ च्या शिरगणतीत पुणे महानगरपालिकेची वस्ती ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर गेली. हे शहर एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जाई. माझे वडील रोज कचेरीत सायकलने जात. माझा नातू खुर्चीवरून उठून मोटारीत बसतो आणि मोटारीतून उतरून पुन्हा खुर्चीवर बसतो.

याच काळात रोगाचे आकडे कसे चढले पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात पुण्यासह काही शहरांत आणि जवळच्या खेड्यांत पाहणी केली. तेव्हा शहरात शंभरात सुमारे दोघांना मधुमेह आढळला, खेड्यात त्याहूनही कमी. २००० साली सहा मोठ्या शहरांत पाहणी झाली, तेव्हा विशीपुढील माणसांत हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे शहरांत ते १६ टक्क्यांवर असून, देशात दहा कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. या पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती अगदी सारख्या नव्हत्या हे खरे. तथापि चढ नाकारता येत नाही.

पण बैठे काम आणि बाहेरचे खाणे सगळ्या जगात वाढले. मग आपली मुले बारीक असूनही, आणि इतक्या लवकर, का सापडतात? याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातच मिळाले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन किलो. आमची बाळे स्नायूंनी फार कमी, पण चरबीने मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला रोड, आतून स्थूल! त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, जन्मतः हलकी असून आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची खोड सर्वांत जास्त होती. म्हणजे पोटात असताना टंचाई आणि पुढे शहरात सुबत्ता, ही जोडगोळीच घात करते.

आता आपल्या माजघरात डोकावून पाहा. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले कोण खाई? ताकातले पाणी कोणाच्या वाट्याला येई? त्या खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-बारा जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. नुसत्या भाजी-भाकरीतून नाही. तेव्हा दोष आईचा नव्हे. जिने आईला शेवटी जेवायला बसविले त्या रीतीचा आहे. सुनेला बोल लावण्यापूर्वी तिच्या आईला आणि आजीला काय मिळाले हे विचारावे, असे मला स्पष्ट वाटते.

मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचविते. पहिली, गरोदर मुलीची साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य खात्याच्या सूचनांप्रमाणे ही तपासणी पहिल्या भेटीस आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात व्हावयास हवी. गरोदरपणी साखर वाढली, तर पुढे आईलाही मधुमेहाचा धोका राहतो आणि बाळालाही. म्हणून बाळंतपणानंतरही तिची तपासणी चुकवू नये. दुसरी, ज्या घरी मधुमेह आहे तेथील मुलांनी तिशीची वाट न पाहता रक्त तपासावे. बारीक अंगावर विसंबू नये. तिसरी, घरोघरी मुली आणि सुना सर्वांबरोबर पानावर बसाव्यात आणि त्यांच्या वाटीत दही असावे.

यास पैसा फारसा लागत नाही, पंक्ती तेवढी बदलावी लागते. पुढील वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक सभासदाने निदान आपल्या घरापुरते हे करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.