फुलावांचून वेल

आमच्या शहरी घरांतून अंगण गेलें, तुळशीवृंदावन कुंडींत आलें, आणि खिडकींतील बाटलींत एक परदेशी वेल येऊन राहिला. लोक त्यास 'मनीप्लँट' म्हणतात. दुसऱ्याच्या घरून न विचारतां आणलेली फांदी लावल्यास पैसा येतो, अशी समजूतही त्याजबरोबर रूढ आहे. धनाशीं त्याचा संबंध असो वा नसो, त्याचा इतिहास मात्र मनोरंजक आहे.

हा वेल मूळचा दक्षिण पॅसिफिक महासागरांतील मोरेआ बेटाचा. तसल्या उष्ण प्रदेशांतील झाडें यूरोपांत जिवंत पोंचूं लागलीं, याचें बरेंचसें श्रेय लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांजकडे जातें. बंद बाटलींतील ओलसर मातींत नेचा आपोआप उगवलेला त्यांस १८२९ सालीं दिसला, आणि त्यावरून त्यांनीं झाडें वाहून नेण्याच्या कांचपेट्या सिद्ध केल्या.

मोरेआच्या वेलास १८८० सालीं लिंडेन व आंद्रे यांनीं 'पोथोस' गणांत घातलें. वनस्पतीचें गोत्र मुख्यत्वें फुलावरून ठरवावयाचें; येथें तर फूलच नव्हतें! पुढें फूल हातीं आलें तेव्हां १९६२ सालीं त्याचें गोत्र बदललें, आणि १९६४ सालीं पुन्हां बदलून तो 'एपिप्रेम्नम' झाला. फूल न येण्याचें कारण २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उघड केलें: जिबरेलिन नामक वृद्धिद्रव्य घडविणारें एक जनुक या वेलांत आपलें काम करीत नाहीं. तें द्रव्य बाहेरून फवारल्यास फुलें येतात.

फूल नाहीं म्हणून बीं नाहीं. बीं नाहीं म्हणून घरोघरचा वेल हा कोणा तरी दुसऱ्या वेलाचा तुकडाच होय. त्याची वंशपरंपरा मनुष्याच्या हातांतून चालते, आणि म्हणूनच त्याच्या निगेस महत्त्व आहे. फांदीस निदान एक पेर असावें, कारण मुळें पेरापाशींच फुटतात. नुसतें पान पाण्यांत ठेवून वेल होत नाहीं. बाटलींतील पाणी वरचेवर बदलावें. कुंडींत असल्यास वरची माती सुकल्यावरच पाणी घालावें. अतिप्रेमानें मुळें कुजतात. प्रखर ऊन नको, पण भरपूर उजेड हवा. अंधारांत पानांवरील पिवळे पट्टे फिके होतात.

सर्वांत मोठी उणीव आधाराची. अरण्यांत हा वेल झाडाच्या खोडास धरून वर चढतो, तेव्हां त्याचीं पानें हातभर लांब होतात व कडांस चिरत जातात. खिडकींतून खालीं लोंबणारा तोच वेल जन्मभर बाल्यावस्थेंतच राहतो. ओलसर शेवाळ गुंडाळलेली काठी रोवून दिल्यास तो आपल्या हवेंतील मुळांनीं ती धरतो आणि पानें मोठीं होऊं लागतात. त्याचा रस तोंडास आग आणणारा आहे. मुलें व मांजरें यांपासून तो दूर ठेवावा. छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठीं टाकूं नयेत, कारण श्रीलंका, हवाई इत्यादि ठिकाणीं बागेंतून निसटलेल्या या वेलानें रानें व्यापिलीं आहेत.

जो वेल आपलें बीं स्वतः पेरूं शकत नाहीं, त्याच्या धन्यानें थोडें उदार असावें. शेजाऱ्यानें मागण्यापूर्वींच दोन पेरांची फांदी त्यास द्यावी. म्हणजे चोरीची गरज उरणार नाहीं, आणि वेलही नांदेल.