काटकसरीची किंमत

लढाईत तोफांचा हिशेब आधी होतो, जखमींच्या खाटांचा सर्वांत शेवटी. या क्रमाची किंमत कोण देतो, हे पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या मोहिमेने दाखवून दिले.

१९१६ च्या प्रारंभापर्यंत ही मोहीम हिंदुस्थान सरकारच्या हाती होती. आघाडीवर सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणीही होत्या. युद्धापूर्वीची काटकसर लष्कराच्या वैद्यकीय खात्यालाही भोवली होती. तैग्रिस नदी हाच मुख्य मार्ग. तरी तिच्यावर जखमींसाठी खास रुग्णनौका नव्हत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मृत वा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीकाठी नेण्यात आले आणि आगबोटींवर व पडावांवर दाटीवाटीने घालून बसऱ्याकडे धाडण्यात आले.

हिंदुस्थानात तार आली ती मात्र वैद्यकीय व्यवस्था उत्कृष्ट चालल्याची! बसऱ्यास ‘वरेला’ या रुग्णनौकेचे प्रमुख मेजर कार्टर यांनी ‘मेजिदिए’ ही आगबोट येताना पाहिली. कित्येक दिवसांच्या प्रवासात अनेकांच्या जखमा बांधल्याही गेल्या नव्हत्या. माणसे मलमूत्रात पडून होती. कार्टर यांनी स्पष्ट शब्दांत तक्रार केली. उत्तरादाखल त्यांस अटकेची धमकी मिळाली.

परंतु जखमी मुंबईच्या गोदीत उतरू लागले, तेव्हा सत्य झाकून राहणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९१६ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि कार्टर खरे ठरले. जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनीच २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली.

दरम्यान नदीवर रुग्णनौका आल्या. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या इमारतीतही लष्करी रुग्णालय होते. ती वस्तुसंग्रहालय म्हणून खुली झाली १९२२ मध्ये. म्हणजे पैसा आणि जागा यांचा शोध घेतला असता दोन्ही सापडत होती; शोध उशिरा सुरू झाला, इतकेच.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी वाटसरूने जखमीच्या जखमा बांधल्या. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. उतारशाळेच्या रखवालदारास त्याने दोन नाणी दिली आणि पुढील खर्चाचीही हमी घेतली. करुणेला तिजोरीची साथ नसेल, तर ती वाटेतच दम तोडते.