भुसावळला गाडी बदलताना

2019 साली आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा वाटेत फ्रँकफुर्टच्या विमानतळावर नऊ तास काढावे लागले. हिने पिशवीतून पोथी काढली. मी आधी सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग फळ्यावर सरकणारी गावांची नावं वाचली, मग तीच पुन्हा वाचली. मास्तर माणूस, वाचायला काही उरलं नाही की बेचैन होतो. पाय मोकळे करून झाले, दोनदा तोंड धुऊन झालं, घड्याळ मात्र जागचं हलेना. शेवटी डोळे मिटले आणि मनाने सरळ भुसावळला येऊन बसलो. म्हटलं, इतरांनी गाडीची वाट पाहत बसावं हा तर आमच्या गावाचा दीडशे वर्षांचा उद्योग! आपल्याला नऊ तासांचं काय एवढं?

मंडळी, रेल्वे येण्याआधी भुसावळ हे एक साधं खेडं होतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. 1860 च्या दशकात जी.आय.पी. कंपनीचे रूळ खानदेशात आले. थळ घाटाचं अवघड काम 1865 मध्ये पुरं झालं. भुसावळहून एक फाटा 1867 मध्ये नागपूरला पोचला, दुसरा बुऱ्हाणपूर-खंडव्यावरून जात 1870 मध्ये जबलपूरला भिडला आणि मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. मुंबईहून येणारी वाट जिथे दुभंगते ते आमचं गाव. शिवाय वाफेच्या इंजिनाला पाणी हवं, कोळसा हवा, ड्रायव्हर-फायरमन बदलायला हवेत. म्हणजे गाडी थांबणार, आणि ज्याला फाटा बदलायचा तो माणूस उतरून बसणार.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपण ज्याला 'वाट पाहणं' म्हणतो, तेच मुळात रेल्वेने बदललं. बैलगाडीचा प्रवास सूर्यावर चाले. ऊन उतरलं की जुंपायची, अंधार पडला की धर्मशाळा गाठायची. रेल्वेने मिनिटं आणली. आणि मिनिटं तरी कोणाची? 1905 पर्यंत देशातल्या बहुतेक रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. रेखांशावरून हिशोब करून पाहा, भुसावळचा सूर्य मद्रासच्या सुमारे 18 मिनिटं मागे आहे. म्हणजे गावात माध्यान्ह व्हायची तेव्हा रेल्वेच्या घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटं झालेली असायची! 1906 पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली निराळी 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत सोडली नाही. ज्याच्या घरी घड्याळ नाही अशा शेतकऱ्याने काय करावं? तो आदल्या रात्रीच वळकटी घेऊन मुसाफिरखान्यात येऊन झोपे. त्याला अडाणी म्हणून हसणारे होते. मला तर तो शहाणा वाटतो. गाडी त्याच्यासाठी थांबणार नव्हती, म्हणून तोच गाडीसाठी थांबला.

थांबणंही सगळ्यांचं सारखं नव्हतं. वरच्या वर्गाला वेटिंग रूम, आरामखुर्ची, आरसा. तिसऱ्या वर्गाला मुसाफिरखान्याची फरशी. पाणीसुद्धा वेगळं, 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा हाका देशभरच्या फलाटांवर पडत. आणि ज्याला यांतल्या कुठल्याच पाण्याला हात लावता येत नव्हता, त्याचं काय?

त्याचं उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्या छोट्याशा आत्मकथनाचं नावच मुळी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं आहे. 1901 साली, लहान वयात, ते भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच तो मागे सरला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही त्यांच्या शेजारी बसायला तयार होईना. गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर ती मुलं निघाली.

दुसरी हकिगत तर आमच्याच लाइनवरची, चाळीसगावची, 1929 मधली. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीचे सभासद म्हणून धुळ्याकडे चौकशी करून परतत होते. चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला म्हणून उतरले, आणि बराच वेळ स्टेशनवरच बसून राहिले. का, तर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. अखेर टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला, त्याला सवय नव्हती, पुलाजवळ घोडा बिथरला आणि बाबासाहेब दगडावर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. चाळीसगावहून मी आयुष्यात शेकडो वेळा गेलो असेन. ही हकिगत वाचल्यापासून त्या फलाटाकडे नुसतं पाहता येत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ही आजवर कोणाला सांगितलेली नाही.

1962 साल. मी सहावीत होतो. आमची थोरली आत्या बुऱ्हाणपूरला दिलेली. ती दुखण्याच्या औषधपाण्यासाठी अकोल्याला लेकीकडे निघाली होती. भुसावळला गाडी बदलायची, मध्ये चार तास. भुसावळात घर असलं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना फलाटावर डबा पोचवणं हा ठरलेला रिवाज. कार्ड आलं होतं. आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या आणि मला पाठवलं. वडील शेडमध्ये ड्यूटीवर. मी पुलावर पोचलो तर खाली इंजिनांचं शंटिंग चाललेलं. पाहत उभा राहिलो. किती वेळ, ते आजही सांगता येणार नाही.

फलाटावर धावत गेलो तेव्हा गाडी हलली होती. खिडकीत आत्या दिसली. मी डबा उंच धरून पळालो. ती हात हलवून ओरडत होती, "राहू दे रे बाप्पा, पडशील!"

घरी काय तोंड दाखवणार? पुलाखाली बसून ते भरीत-भाकरी मी खाल्ली आणि रिकामा डबा नेऊन दिला. आईने विचारलं, "जेवल्या का रे?" मी म्हटलं, "हो." आत्या त्या दुखण्यातून उठली नाही. आई पुढे कित्येक वर्षं समाधानाने सांगायची, वन्संनी शेवटचं माझ्या हातचं खाल्लं म्हणून. मला ते खोडून काढायचा धीर कधीच झाला नाही.

फ्रँकफुर्टला नऊ तास बसलो तेव्हा पहिल्यांदाच आत्याचे ते चार तास मी मोजले. पुलावर माझा वेळ कसा भुर्रकन गेला होता, आणि तिकडे ती प्रत्येक येणाऱ्या पोराकडे पाहत बसली असेल. विमानतळावर तोटीचं पाणी सगळ्यांना एकच होतं, हे पाहून बरं वाटलं. पण डबा घेऊन येणारं मात्र कोणी नव्हतं.

असो. आता गाड्या भुसावळला काही मिनिटंच थांबतात, लोक जेवण मोबाइलवरून मागवतात. तरीही कोणा नातलगाचा फोन आला, की मी डबा घेऊन तासभर आधीच फलाटावर जाऊन बसतो. ही म्हणते, "एवढ्या लवकर काय करता तिथे?"

मी म्हणतो, "काही नाही, गाड्या पाहतो."