निळं दूध आणि रोजची गोळी

तुमच्यापैकी कोणी ॲलोप्युरिनॉल घेतं का? मी घेतो. मध्यंतरी बरं वाटलं म्हणून मनानंच बंद केली, आणि पायाचा अंगठा पुन्हा ठणकला. तेव्हा या गोळीचा इतिहास वाचला. तो सुरू होतो दुधापासून.

१९०२ साली फ्रांझ शार्डिंगर यांनी दुधात मेथिलीन ब्लू आणि फॉर्मॅल्डिहाइड घातलं. कच्च्या दुधातला निळा रंग उडाला, उकळलेल्या दुधातला तसाच राहिला. रंग घालवणारं एन्झाइम उष्णतेनं निकामी झालं होतं. तेच झँथिन ऑक्सिडेज. आपल्या शरीरात ते प्युरिनपासून युरिक ॲसिड बनवतं. अभ्यासासाठी प्रयोगशाळा ते गाईच्या दुधातूनच काढू लागल्या.

पुढे अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यापुढे अडचण आली: त्यांचं ल्युकेमियावरचं औषध हेच एन्झाइम शरीरात मोडून टाकायचं. त्याला अडवायला ॲलोप्युरिनॉल वापरलं, तर युरिक ॲसिडही उतरलं! १९६६ साली ते गाउटचं औषध म्हणून मान्य झालं. १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं.

मंडळी, दूध उकळलं की त्यातलं एन्झाइम संपतं. आपल्याला उकळता येत नाही, म्हणून रोजची गोळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नका.