धावपट्टीकडे पाहता पाहता

१९४९ च्या जानेवारीत भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या गावी परतत. नकाशावर मुंबई ते नागपूर अशी सरळ रेघ ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्यावरून, चिखली-मेहकरच्या टापूतून जाते. त्या काळी या टापूत रात्री खाली दिसण्यासारखे फारसे काही नव्हते. खेड्यापाड्यांत वीज पोचायला अजून अवकाश होता. पुढे नागपूर आले की त्या काळोखात एकाएकी दिव्यांच्या दोन रांगा उमटत. दमलेल्या वैमानिकाचे डोळे साहजिकच त्या दिव्यांवर खिळत, आणि धोका नेमका तिथेच असे.

काळोख्या प्रदेशावरून उजळलेल्या धावपट्टीकडे उतरताना माणसाचे डोळे त्याला फसवतात. अलीकडची जमीन दिसत नसल्याने उंचीचा अंदाज बांधायला आधार उरत नाही. आपण आहोत त्यापेक्षा अधिक उंचावर आहोत असा भास होतो आणि वैमानिक नकळत विमान खाली आणू लागतो. वैमानिकांच्या बोलीत याला 'ब्लॅक होल' म्हणजे काळ्या विवराचा आभास म्हणतात. बोइंग कंपनीतील मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृत्रिम उड्डाणयंत्रावर याचा अभ्यास केला. केवळ डोळ्यांवर विसंबणारे अनुभवी वैमानिकसुद्धा दिव्यांकडे जाताना धोकादायकरीत्या खाली येतात, असे त्यात दिसून आले.

बुलढाणेकरांना ही गोष्ट भूगोलाच्या अंगानेही समजेल. हा जिल्हा बोलीतच दोन भागांत विभागलेला आहे, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर-नांदुऱ्याकडील पूर्णेचे खोरे आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा शहर यांच्या उंचीत काही शे मीटरचे अंतर आहे. विमानातील उंचीमापक सामान्यतः समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. घाटाखाली निर्धास्त वाटणारा आकडा घाटावर जीवघेणा ठरू शकतो. म्हणून तो आकडा सतत वाचत राहणे, आणि दुसऱ्या वैमानिकाने तो मोठ्याने उच्चारणे, हा उतरण्याच्या विद्येचा गाभा आहे.

हा गाभा निसटला की काय होते, ते १९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी अहमदाबादेत दिसले. मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उतरू पाहत होते आणि दृश्यमानता झपाट्याने घटत होती. अनुमान असे की, दोघाही वैमानिकांचे चित्त धावपट्टी कुठे दिसते का, याच शोधात गुंतले. उंचीमापकाकडे पाहायला कोणी उरले नाही. धावपट्टीच्या सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे, कोतरपूर गावाजवळ, विमान झाडांना आणि विजेच्या मनोऱ्याला धडकून शेतात कोसळले. १३५ जणांपैकी अखेर दोघेच वाचले. चौकशीत ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न केल्याचा दोष दोन्ही वैमानिकांवर आला. तो चुकीचा नव्हे. परंतु 'दुर्लक्ष' हा शब्द येथे अपुरा पडतो. ते दोघे आळसावले नव्हते. ते डोळ्यांत तेल घालून पाहत होते, फक्त एकाच ठिकाणी.

लक्ष विचलित होण्याचे असे दोन प्रकार असतात, आणि विमानवाहतुकीच्या इतिहासाने ते दोन्ही अमेरिकेतील ईस्टर्न एअरलाइन्सच्या दोन अपघातांतून ओळखले. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ त्या कंपनीच्या एका विमानात पुढचे चाक खाली आल्याची खूण करणारा दिवा लागला नाही. चाक व्यवस्थित होते, बिघाड दिव्यातच होता. सारे कर्मचारी त्या दिव्यामागे लागले. मध्येच स्वयंचलित यंत्रणेची उंची राखण्याची कळ सुटली, सावधगिरीची घंटी वाजली, ती कोणाला जाणवली नाही, आणि धडधाकट विमान दलदलीत उतरले. १७६ पैकी १०१ जण दगावले. पुढे ११ सप्टेंबर १९७४ रोजी शार्लट येथे धुक्यात उतरणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या ध्वनिमुद्रणात वैमानिकांच्या गप्पा सापडल्या. राजकारण, जुन्या मोटारी, वाटेत दिसणाऱ्या मनोरंजन उद्यानाचा मनोरा, असे कितीतरी विषय त्यांत होते. ८२ पैकी ७० हून अधिक माणसे गेली.

या दुसऱ्या अपघाताच्या अनुभवातून १९८१ मध्ये अमेरिकेत 'स्टराइल कॉकपिट' हा नियम आला. शब्दशः अर्थ निर्जंतुक कक्ष. शस्त्रक्रियेच्या खोलीत जसे बाहेरचे काही चालत नाही तसे. १०,००० फुटांखाली, म्हणजे चढताना आणि उतरताना, उड्डाणाशी संबंध नसलेले एक अवाक्षरही बोलायचे नाही. आज हे तत्त्व भारतासह जगभर पाळले जाते. नियम उत्तम आहे, पण तो गप्पांवरचा उपाय आहे. मायामीच्या दिव्यावर किंवा अहमदाबादच्या धुक्यावर तो चालत नाही, कारण तेथे लक्ष वेधून घेणारी गोष्ट कामाचाच भाग होती. त्यासाठी निराळी शिस्त घडवावी लागली: एकाने अडचण हाताळायची, दुसऱ्याने केवळ विमान उडवायचे, आणि कनिष्ठाने वरिष्ठाला निःसंकोच टोकायचे. 'साहेब, आपण फार खाली आलो आहोत' हे वाक्य आपल्याकडील वडीलधाऱ्यांना मान देणाऱ्या संस्कृतीत उच्चारणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

बुलढाण्याला सर्वांत जवळची मोठी हवाई दुर्घटना मात्र उतरताना नव्हे, उड्डाण करताना घडली. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान भरलेले होते आणि दिवस ऐन उन्हाळ्याचा. तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचलायला अधिक धाव लागते. धावपट्टीच्या टोकापासून जेमतेम ४१० फुटांवर बीडकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर त्याच क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी लादलेला ट्रक. विमानाचे डावे चाक आणि इंजिन ट्रकला घासले. पुढे सुमारे ३ किलोमीटरवर ते विजेच्या तारांत अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ असलेल्या जिल्ह्याला गाठींचा ट्रक किती उंच होतो हे सांगावे लागत नाही.

या चौकशीचा निष्कर्ष तरुण अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हा पहिला दोष. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही, हा दुसरा. म्हणजे लक्ष दोन ठिकाणी ढळले होते, विमानात आणि जमिनीवर. अपघातानंतरच्या चर्चेत पहिल्या प्रकाराचाच गवगवा होतो, कारण त्याला चेहरा असतो. रस्त्यावर फाटक न बसवणाऱ्या कार्यालयाला चेहरा नसतो.

७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघाताची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची, कारण विमानाचे कप्तान दीपक साठे हे हवाई दलातील माजी अधिकारी आणि त्यांचे आई-वडील नागपूरचे. मुसळधार पाऊस, कप्तानाच्या बाजूचा बिघडलेला वायपर, एकदा सोडून द्यावा लागलेला प्रयत्न, आणि दुसऱ्या प्रयत्नात पाठीमागून वारा. धावपट्टीचे सुमारे ४,४०० फूट मागे पडल्यावर चाके टेकली आणि विमान पठाराच्या कडेवरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. ठरलेली कार्यपद्धती मोडल्याचा ठपका अहवालाने ठेवलाच. परंतु दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी कोळिकोडलाच पोचण्याची निकड कप्तानाच्या मनात असावी आणि तिच्यामागे कंपनीचे मनुष्यबळाचे नियोजन होते, हेही त्यात नोंदले आहे. उद्याचे वेळापत्रकही आजचे लक्ष पळवू शकते.

ही सारी मोठी विमाने, दोन वैमानिकांची, मनोरा असलेल्या विमानतळांवरची. लहान धावपट्टीवर परिस्थिती याहून अवघड. विदर्भातील गोंदियाजवळची बिरसी आणि अकोल्याची शिवणी या धावपट्ट्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या. शिवणीचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षे रखडला. बुलढाण्यात तर आजही नियमित प्रवासी विमानसेवा नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील काही धावपट्ट्यांवर प्रशिक्षणार्थींची लहान विमाने दिवसभर चढत-उतरत असतात. जेथे वाहतूक नियंत्रक नसतो, तेथे आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे वैमानिकाने रेडिओवर स्वतःच जाहीर करायचे, आसपास दुसरे विमान आहे का हे स्वतःच ऐकायचे, वाऱ्याची दिशा कापडी विंडसॉककडे पाहून स्वतःच ताडायची. त्यातच कुंपणाच्या फटीतून आत आलेली गुरे, कुत्री, किंवा विदर्भातील शेतकऱ्याच्या नित्य ओळखीचा रोही.

यावर विमानविद्येने दिलेले उत्तर फार जुने आणि फार साधे आहे. पहिल्या फेरीत उतरायचेच नाही. धावपट्टीवरून नुसते उडत जायचे, ती मोकळी आहे ना आणि वारा कुठला आहे हे पाहायचे, मग वळसा घेऊन यायचे. आणि त्या वळशानंतरही रोही धावपट्टीवर आलाच, तर त्याच्याकडे पाहत न राहता इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे.